शिळा करंट

लग्नाच्या मांडवासमोर घोडा दिसल्यावर जशी धावपळ उडते, तशी आमच्या गावात कौतिक नाना सायकलवर दिसले की उडायची. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी, डोक्याला पांढरा रुमाल आणि चेहऱ्यावर असा भाव, की तापी नदी काल संध्याकाळी यांनीच आणून सोडली आहे. नाना ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. नळ चार दिवसांनी यायचा. आधी कोणती गल्ली आणि नंतर कोणती, हे नानांच्या हातात होतं, त्यामुळे गावातले भलेभले त्यांना अडवून चहा पाजायचे. नाना चहा घ्यायचे आणि पाणी मात्र ठरल्या वेळीच सोडायचे. असा निर्मळ कृतघ्नपणा सरकारी नोकरीत विरळा.

मुक्ताईनगरच्या अलीकडे, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा असलेलं हे गाव. गावाच्या डोक्यावर पाण्याची उंच टाकी, आणि जगाबद्दलचं नानांचं सगळं ज्ञान त्या टाकीतून आलेलं. टाकी धुवायची असली की ती तळापर्यंत रिकामी करायची, खराट्याने घासायची, दिवसभर ऊन-वारा लागू द्यायचा आणि मगच भरायची. शिळ्यावर ताजं ओतलं की ताजंही शिळं होतं, हा नानांचा सिद्धांत. तो गावालाही पटलेला होता. नळ आला की आमच्या बायका आदल्या खेपेचं चांगलं पाणी खुशाल गटारीत ओततात आणि मग पाणी पुरत नाही म्हणून ग्रामपंचायतीला शिव्या घालतात.

निवृत्तीनंतर टाकी गेली, सिद्धांत राहिला. माठ रोज उपडा होऊ लागला. एकादशीला पोट रिकामं होऊ लागलं. मुलीने मोबाईल घेऊन दिला, तर तो पार बंद पडल्याशिवाय नाना त्याला चार्जिंगला लावत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्यात शिळा करंट राह्यते. आधी तो जाऊ द्या लागते."

शिळ्या करंटाने मोबाईलचं फार बिघडलं नाही. म्हणून नानांचा विश्वास वाढला, आणि इथेच घात झाला.

नानांच्या पत्नी लिलाबाई. यांचा आवाज एकेकाळी असा होता, की नाना वरच्या गल्लीत चावी फिरवत असताना लिलाबाई घरातून "भाकर थंडी होऊन राह्यली!" म्हणायच्या आणि अख्खी वरची गल्ली जेवायला बसायची. तो आवाज हळूहळू विझत गेला. जन्मभर चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या, तो सगळा धूर छातीत जाऊन बसला होता. आधी टाकीपर्यंत जाताना दम लागायचा, मग ओट्यापर्यंत, मग पलंगावर बसल्या बसल्या. भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, नाकाला नळी दिवसरात्र हवी. मशीन आलं. ते कोपऱ्यात उभं राहून म्हशीसारखं संथ घुरघुरायचं, आणि ते घुरघुरतं आहे तोवर लिलाबाईंचा श्वास चालायचा.

पण मशीन विजेवर, आणि वीज आमच्याकडे रुसलेल्या सुनेसारखी. केव्हा माहेरी जाईल, सांगता येत नाही.

तेव्हा जावई धावून आले. एकुलती मुलगी हेमलता धुळ्याला दिलेली. तिचे यजमान जगदीश यांचं देवपुरात इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान. त्यांनी भली दांडगी बॅटरी आणि इन्व्हर्टर चाकांच्या गाड्यावर बसवून आणला, तारा जोडल्या, मेन बटण पाडून मशीन चालवून दाखवलं. वीज नसताना दुपारभर चालेल म्हणाले. लिलाबाईंनी नळीसकट हात जोडले. जावयाकडून घ्यायचं नसतं, म्हणून नानांना संकोच वाटला, आणि संकोच भरून काढण्यासाठी त्यांनी जे जेवण घातलं, त्यात पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ आहे.

शेजारणींनी खापर मांडून मांडे केले होते. जगदीशराव पाटावर. समोर नाना, हातात तुपाची वाटी.

"नाना, या बॅटरीला पाणी लागतं, पण नळाचं नाही बरं का..."

"रसा घ्या."

"घेतो. दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच..."

"जवाईबुवांना मांडा वाढा. तो फाटका नको, आख्खा द्या."

"बास, बास. आणि नाना, ही कधी पूर्ण उतरू द्यायची नाही. अर्ध्यावर आली, की..."

"अर्ध्यावर कसे उठता? एवढा तं संपवाच लागीन!"

खान्देशात जावयाला बोलू देणं म्हणजे त्याच्या ताटात काही कमी पडलं असा अर्थ होतो. जगदीशराव पोट भरून आणि अर्धं बोलणं तोंडात ठेवून धुळ्याला परतले. सासऱ्याला तीच गोष्ट दोनदा सांगायची नाही, ही त्यांच्या घरची शिकवण. अशा रीतीने दोन सुसंस्कृत घराण्यांनी मिळून बॅटरीला वाऱ्यावर सोडलं.

नानांनी मात्र तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवली, गार फरशीने तिला सर्दी होऊ नये म्हणून. वरून गोधडी घातली. आमच्याकडे मे महिन्यात त्या पत्र्यावर पापड भाजून निघेल, हे त्यांना सुचलं नाही. रात्री चार्जिंगचं बटण बंद करायचे. नळ रात्रभर चालू ठेवला तर टाकी वाहते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आतलं पाणी कमी झालेलं दिसलं, तेव्हा झाकणं उघडून त्यांनी स्वतःच्या हाताने नळाचं पाणी भरलं. हे पाणी त्यांनी उभा जन्म गावाला पाजलं होतं. बाटलीतलं विकत आणणं हा त्या पाण्याचा अपमान होता. त्या पाण्याने आमच्या गावातल्या चहाच्या पातेल्यांना आतून पांढरा गिलावा केला आहे, ही गोष्ट वेगळी.

आणि दर रविवारी शिळा करंट काढण्याचा कार्यक्रम. बाहेरची वीज चांगली असायची, मशीन थेट तिच्यावर चालायचं. इकडे इन्व्हर्टरवर नाना मोठा फर्राटा पंखा आणि दोन दिवे लावून बसायचे. इन्व्हर्टर टीं टीं करत विनवायचा. नाना म्हणायचे, "निघू दे, निघू दे, सगळा निघू दे." तो शेवटी गप्प व्हायचा. मग बॅटरी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच रिकामी ठेवायची. सुकायला!

पहिल्या उन्हाळ्यात ती खरंच दुपारभर चालली. पावसाळ्यात एक झोप होईल एवढी. दिवाळीपर्यंत टीव्हीवरच्या एका मालिकेपुरती. होळीला लिलाबाईंचा हरिपाठ अर्धा झाला आणि टीं टीं सुरू झालं.

"जवायाले फोन करा," लिलाबाई म्हणाल्या. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

"काय सांगू? तुमची वस्तू खराब निंघाली म्हून?"

जावयाने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, हे लिलाबाईंनाही कळत होतं. पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. हेमलताचा रोज संध्याकाळी फोन यायचा, "बाबा, बॅटरी चालते ना?" आणि नाना म्हणायचे, "फस्क्लास!" लिलाबाई पलंगावरून मान हलवून त्या खोट्यावर सही करायच्या.

नानांनी उपाय म्हणून सिद्धांत अधिक कडक केला. आता शिळा करंट आठवड्यातून दोनदा निघू लागला.

ज्येष्ठात ती दुपार आली. सकाळपासून हवा कोंडली होती, पानसुद्धा हलत नव्हतं. जेवणं झाली आणि सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळं होत आलं. मग वारा असा सुटला, की बघता बघता अख्ख्या केळीच्या बागा कुणी हाताने दाबाव्यात तशा आडव्या झाल्या. विजेचे खांब काटक्यांसारखे वाकले. रस्त्यावरचे दोन जुने कडुलिंब उन्मळून पडले. पाऊस थोडाच झाला. वारा गेला, तेव्हा गावात कुठेही वीज नव्हती, आणि आज येणार नव्हती हे खांबांकडे पाहून शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

इन्व्हर्टरने मशीन उचललं. नानांनी सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत टीं टीं सुरू झालं. मग मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि घुरघुर थांबली.

ती घुरघुर वर्षभर घरात होती. थांबल्यावर घर एकदम मोठं आणि परकं वाटायला लागलं.

लिलाबाई उठून बसल्या. दोन्ही हात पलंगाच्या काठावर रोवले, खांदे वर, मान पुढे. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा नव्वदीतून ऐंशीत आला आणि खाली सरकत राहिला. बोलण्यावर खर्च करायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

नानांनी काय नाही केलं? बटण बंद केलं, चालू केलं. इन्व्हर्टरच्या पाठीवर थापटलं. गोधडी काढली, झाकणं उघडली, आत पाणी ओतलं, ते उतू जाऊन फरशीवर आलं, फरशी फसफसली. बॅटरीपुढे हात जोडून "माय, एक डाव चाल" म्हणाले. जन्मभर ज्यांच्या हाताने चावी फिरवली की पाणी यायचं, त्या माणसाला आज फिरवायला चावीच सापडत नव्हती. अॅम्ब्युलन्सला फोन लागला. लिंब तोडल्याशिवाय गाडी येऊ शकत नाही, दुसऱ्या रस्त्याने बघतो म्हणाले. लिलाबाईंचे ओठ जांभळे दिसायला लागले होते.

तरी नानांचा अंगठा जावयाच्या नावावर जाऊन थांबला. खरंच थांबला. बायको समोर तडफडते आहे आणि माणूस विचार करतो आहे की पाहुण्यांना काय वाटेल. याला मूर्खपणा म्हणा, पण आमच्याकडे याला संस्कार म्हणतात आणि तो आम्ही पोरांना मारून शिकवतो.

लिलाबाईंनी हात पुढे केला, नानांच्या हातातला मोबाईल खाली ओढला आणि स्वतःच्या बोटाने ते नाव दाबलं.

"बोला नाना!" जगदीशरावांचा नेहमीचा उत्साही आवाज.

"जवाईबुवा... बॅटरी..." मग नाना एकदम फुटले. "मेली हो! दिवाळीपासून मरून राह्यली व्हती. म्या सांगलं नाही. हेमाच्या मायचा जीव चालला!"

जगदीशराव देवपुरातल्या कॉलेजात शिकलेले, गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलणारे. पण धास्तावले की आजोळची अहिराणी बाहेर यायची.

"नाना, घाबरू नका. वीज शे का?"

"नाही. खांब पडले."

"गावमा ट्रॅक्टर कोना शे?"

"योगराजचा शे," नानाही घाबरून अहिराणीत शिरले.

"पळा! ट्रॅक्टर ओट्याला लावा. त्याची बॅटरी बारा व्होल्टची, इन्व्हर्टर तिच्यावर चालेल. पण आपली मेलेली आधी सोडवा, नाहीतर ती सगळा करंट पिऊन टाकेल. आणि इंजिन चालू ठेवा, बंद करू नका. फोन कापू नका. पळा!"

नाना पळाले. त्यांना पळताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. टाकी वाहत असतानाही ते चालत जायचे. योगराज आपल्या आडव्या पडलेल्या बागेच्या कडेला डोक्याला हात लावून बसला होता. वर्षाचं पीक त्याच्यासमोर लोळत होतं. नाना समोर येऊन उभे राहिले. नुसतं घराकडे बोट.

"काकू?" योगराजने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ट्रॅक्टरवर उडी मारली. ट्रॅक्टर चालू होईना. कधीच होत नसे.

"ढकला नाना! चार दिवसांनी पाणी सोडून सोडून अंगात काही उरलं का नाही?"

बागेतून आणखी माणसं धावली. ढकलला. त्याने एक ढेकर दिली, धूर ओकला आणि निघाला. असा रडका ट्रॅक्टर असल्यामुळेच योगराजकडे दुसऱ्याच्या बॅटरीवरून सुरू करायच्या चिमटेवाल्या जाड तारा कायम सीटखाली असायच्या. चांगला ट्रॅक्टर असता तर तारा नसत्या. देव कोणत्या रूपात येईल, सांगता येत नाही.

इन्व्हर्टरचा गाडा ओट्यावर ओढला. फोन फरशीवर, त्यातून जगदीशराव ओरडत होते. "लाल ते लाल! काळ्याला काळा! उलटं लावलं तर इन्व्हर्टर जाईल!" मेलेल्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा बुरा जमला होता, नट हलेना. योगराजने पान्ह्यावर पाय देऊन तो तोडला. चिमटा लागला, ठिणगी उडाली. आतून काही नाही. काहीच नाही. योगराजने चिमटा हलवून घट्ट दाबला.

घुर्र.

नाना आत धावले. नळी नीट केली. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा पाहत ते पलंगाशी उकिडवे बसले. तो हलत नव्हता. मग एकाने वाढला. मग पुन्हा उतरला. नाना पुटपुटत होते, ते काय हे ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने आकडा ऐंशीच्या वर चढला आणि टिकला. लिलाबाईंची मान मागे उशीवर टेकली.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. ओट्यासमोर ट्रॅक्टर थडथडतोय, धूर घरात येऊ नये म्हणून दारावर ओलं लुगडं लावलेलं, आणि प्रत्येक वेळी इंजिन जरा अडखळलं की नाना लुगडं सारून बाहेर. डिझेल संपत आलं तेव्हा योगराजने गावातून बाटल्या-बाटल्यांनी गोळा करून आणलं. ज्यांना नानांनी कधी पाच मिनिटं आधी पाणी सोडलं नव्हतं, ते सगळे आपापल्या ट्रॅक्टरमधलं काढून देत होते. एकजण म्हणालासुद्धा, "घ्या नाना, वेळेआधी सोडलं बरं का."

नाना हसले नाहीत. रडलेही नाहीत. टाकीत डिझेल पडताना ते बारीक धारेकडे बघत राहिले.

जगदीशराव दिवस मावळताना आले. गाडी पडलेल्या लिंबापाशी सोडली, आणि नवी बॅटरी दोघा मजुरांच्या मदतीने बांबूला लटकवून, खोडावरून ओलांडून आणली. जावई सासरी पालखीतून आल्याचं ऐकलं आहे. स्वतःच भोई होऊन आलेला हा पहिलाच. त्यांनी नवी बॅटरी जोडली, मशीन तिच्यावर घेतलं आणि मगच योगराजला हात केला. ट्रॅक्टर बंद झाला. मशीन चालत राहिलं.

नाना सवयीने पाट मांडायला गेले.

"नाना, पाट राहू द्या," जगदीशराव म्हणाले. "आज मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. बठ्ठं, अगदी सगळं ऐकायचं."

ते मेलेल्या बॅटरीशी उकिडवे बसले. झाकण उघडून टॉर्च मारला आणि जीभ चावली. "हे पाणी कुठलं?"

"आपलं. नळाचं."

"आणि रिकामी करत होतात?"

नानांनी सगळं सांगितलं. शिळा करंट, पंखा, सुकवणं, सगळं. दारात उभा असलेला योगराज हसू दाबायला तोंड फिरवून केळीकडे पाहू लागला आणि केळी पाहून त्याचं हसू आपोआप गेलं.

"नाना, ही टाकी नाही," जगदीशराव हळू आवाजात म्हणाले. "ही रिकामी झाली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर बुरशीसारखा थर धरतो. लगेच भरली तर तो विरघळतो. रिकामी ठेवली तर त्याचा दगड होतो. मग तिथे करंट शिरत नाही. तुम्ही दर आठवड्याला दगड बसवला. पाण्यातल्या क्षाराने भर घातली, पत्र्याने भाजली. माणूस काय, उपाशी ठेवून कुणी जगतं का?"

"मंग कसं करायचं?"

"चार्जिंगचं बटण कायम चालू. ती भरली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. महिन्यातून एकदा पाण्याची खूण बघायची, बाटलीतलंच पाणी, खुणेच्या वर नाही. टोकं कोमट पाणी आणि सोड्याने पुसून व्हॅसलीन. सावलीत, हवेशीर, गोधडी नाही. आणि कमी चालायला लागली..." ते थांबले. "नाना, मला सांगायचं होतं ना. मी काय परका?"

"तुमची वस्तू..."

"वस्तू गेली खड्ड्यात! सासू एकच शे मले!"

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. पलंगावरून लिलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "जवाई... उपाशी शे... त्यांचा तरी... दगड करू नका."

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर लिलाबाईंना भुसावळला नेलं. आठवडाभराने परत आणलं. छाती पूर्वीपेक्षा थकली आहे, पुढच्या वेळी इतका वेळ मिळणार नाही, असं डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाना रुमाल तोंडाशी धरून बसून राहिले. बरं होणार नाही, एवढंच त्यांना नीट कळलं.

आता नाना जावयाला फोन करतात. रोज करतात. "आज जरा गरम लागून राह्यली." "आज दिवा हिरव्याचा पिवळा झाला, मंग हिरवा झाला." देवपूरच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असतं आणि जगदीशराव कानाला मोबाईल लावून सासऱ्याच्या बॅटरीची तब्येत ऐकत असतात. सासऱ्याने नाव ठेवावं म्हणून इतका तळमळलेला आणि मग इतका पस्तावलेला जावई खान्देशात दुसरा नसेल.

जुनी बॅटरी जगदीशरावांनी पुढच्या फेरीत मोडीसाठी नेली. उचलायला नाना पुढे झाले आणि वाकल्या वाकल्या थांबले. टाकी रिकामी आहे की भरलेली, हे त्यांना बोटाच्या एका टिचकीने कळायचं. हंडा उचलला की कळायचं. त्यांनी जुन्या बॅटरीची एक कड उचलली, मग आत जाऊन नव्या बॅटरीची कड उचलून पाहिली, आणि परत बाहेर आले.

"जवाईबुवा, ही मेलेलीबी तेवढीच जड शे हो."

"तेवढीच असते, नाना."

"मंग बाहेरून कसं समजायचं?"

जगदीशरावांनी बॅटरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती गाडीत टाकली. आत मशीन घुरघुरत होतं. नाना गाडीकडे पाठ करून, मान तिरकी करून ते ऐकत उभे होते.